हार्डनिंगमध्ये वाकलेला जॉब सरळ कसा करायचा

ईएन २४ या मिश्र पोलादाचा ५०० मिमी लांब, २५ मिमी व्यासाचा शाफ्ट. टर्निंग झाल्यावर सेंटरमध्ये धरून, डायल गेज लावून ०.०२ मिमीच्या आत तपासला आणि हीट ट्रीटमेंटला पाठवला. परत आला तेव्हा कडकपणा ड्रॉइंगप्रमाणे बरोबर, पण मध्यभागी डायल ०.४५ मारतोय. ग्राइंडिंगसाठी व्यासावर ०.३ ठेवलेलं. म्हणजे ग्राइंडरवर चढवला तर एका बाजूला काळा पट्टा तसाच राहणार.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी जॉब थेट प्रेसखाली जातो, नाहीतर हीट ट्रीटमेंटवाल्याशी फोनवर वाद सुरू होतो. फोन जरूर करा, पण पहिला प्रश्न हा विचारा: "साहेब, हा लॉट टेम्पर कितीला केलात?" टेम्पर करणं म्हणजे कडक केलेला जॉब पुन्हा बेताचा तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करणं. ते किती अंशांना केलं, या एका आकड्यावर पुढचं सगळं ठरतं. जॉब थंड असताना दाबायचा की गरम करून, किती गरम करायचा, किती जोर लावायचा, आणि मुळात त्याला हात लावायचा की नाही. टेम्परिंगचं तापमान माहीत नसताना कडक जॉब प्रेसखाली घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

वाकाची दिशा आधी वाचा

हार्डनिंगला स्टील तापतं तेव्हा फुगतं, आणि क्वेंचमध्ये, म्हणजे तेलात बुडवून झटकन थंड करताना, ऑस्टेनाइटचं (तापलेल्या स्टीलची मऊ रचना) मार्टेन्साइट (कडक रचना) होताना पुन्हा फुगतं. या दुसऱ्या बदलात आकारमान चारेक टक्क्यांपर्यंत वाढू शकतं. संपूर्ण जॉबमध्ये हे एकाच क्षणी घडलं असतं तर तो नुसता थोडा मोठा झाला असता. पण आधी कातडी थंड होते, मग गाभा. तेलात आधी गेलेली बाजू आणि नंतर गेलेली बाजू यांत काही सेकंदांचं अंतर पडतं. तेवढ्यात एक बाजू दुसरीला ओढते आणि जॉब वाकतो.

लॉटमधले दहा-बारा नग टेबलावर ओळीने मांडा आणि प्रत्येकाची फुगीर बाजू मार्करने दाखवा. कारण शोधायला याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. सगळे नग की-वेच्या (चावी बसवायच्या खाचेच्या) संदर्भाने एकाच बाजूला वाकले असतील तर दोष आकारात आहे: एका बाजूचं मटेरियल कमी, म्हणून ती बाजू लवकर थंड होते. सगळ्यांचा बाक एकसारखा मोठ्या कमानीचा असेल आणि जॉब भट्टीत आडवे ठेवले असतील, तर साडेआठशे अंशांना ते स्वतःच्या वजनाने झोळ धरून बसले असण्याची शक्यता मोठी. प्रत्येक नग वेगळ्याच दिशेला गेला असेल तर संशय बारवर घ्या. ब्राइट बार ओढताना आणि मिलमध्ये सरळ करताना त्यात ताण कोंडले जातात. भट्टीत ते सुटतात आणि प्रत्येक बार आपापल्या दिशेला जातो.

इतका वेळ कारणावर घालवायचा, कारण आजचा लॉट प्रेसवर सरळ झाला तरी पुढचाही तसाच येणार आहे.

एक गोष्ट इथेच वेगळी काढू. जॉब सरळ आहे पण बोअर किंवा लांबी बदलली आहे, तर तो मापाचा बदल. तो दाबून, ठोकून दुरुस्त होत नाही. त्याचा हिशेब मशीनिंगच्या अलाउन्समध्येच करावा लागतो. इथून पुढे मी फक्त आकाराच्या बदलाबद्दल, म्हणजे वाक आणि पीळ याबद्दल लिहितोय.

मोजणी

शाफ्ट सेंटरमध्ये धरण्याआधी सेंटर होल साफ करा. हीट ट्रीटमेंटनंतर त्यात स्केल बसलेलं असतं, कधी आपटून कडा दबलेल्या असतात. ६० अंशाच्या लॅपने किंवा सेंटर ग्राइंडिंग स्टोनने हलका हात फिरवा. घाणेरड्या सेंटरवर घेतलेलं रीडिंग खोटं असतं, आणि त्या रीडिंगवर विसंबून चांगला शाफ्ट वाकवला जातो. सेंटर खराबच असतील तर बेअरिंगच्या जागा व्ही ब्लॉकवर टेकवून मोजा.

शाफ्ट एक पूर्ण फेरा फिरवताना सुईकडे नीट बघा. एका फेऱ्यात सुई एकदाच वर आणि एकदाच खाली गेली तर तो वाक. दोनदा वर, दोनदा खाली गेली तर तिथे शाफ्ट अंडाकृती झालाय. तो प्रेसने जाणार नाही, ग्राइंडिंगनेच जाईल. दोन्ही दोष मिसळलेले असतात तेव्हा सुई अडखळत चालते. अशा जागेवरचं रीडिंग सरळ करण्यासाठी धरू नका, शेजारची जागा घ्या.

डायलवरचा एकूण रनआऊट (एका फेऱ्यातली सुईची पूर्ण हालचाल) हा खऱ्या वाकाच्या दुप्पट असतो. ०.४५ मारणारा शाफ्ट मध्यरेषेपासून ०.२२५ ने सरकलेला आहे. हे नवशिक्यांना मुद्दाम सांगावं लागतं, कारण प्रेसवर बसवलेली डायल खरा वाक दाखवते आणि सेंटरमधली डायल त्याच्या दुप्पट.

दर ५० मिमीवर रीडिंग घ्या, प्रत्येक जागी उंच बाजू मार्करने खुणवा आणि आकडे कागदावर मांडा. तीन चित्रं दिसू शकतात. आकडे मध्यापर्यंत हळूहळू वाढून हळूहळू उतरले तर सलग कमान. एखाद्या ठिकाणी टोक निघालं आणि दोन्हीकडे सरळ उतार दिसला तर तिथे मोड आहे, बहुधा पायरीजवळ किंवा की-वेच्या टोकाला. अर्ध्या लांबीत उंच बाजू एकीकडे आणि उरलेल्या अर्ध्यात तिच्या बरोबर समोर निघाली तर शाफ्टला दुहेरी, नागमोडी वाक आहे. तिन्हींचा इलाज वेगळा. हा कागद न करता प्रेसवर बसलात तर सलग कमानीच्या मध्यावर जोर पडून तिथे नवा मोड तयार होतो. मग दोन दोष निस्तरायचे.

पट्ट्या आणि डाय प्लेट सरफेस प्लेटवर ठेवून फिलर गेजने मोजा. मध्ये हवा असेल तर बाक. समोरासमोरचे दोन कोपरे टेकलेले आणि दुसरे दोन उचललेले असतील तर पीळ.

सरळ करायचं की नाही

पहिला विचार ग्राइंडिंगमध्येच घेता येईल का, हा. थ्रू हार्डनिंग झालेल्या, म्हणजे आतपर्यंत कडक केलेल्या शाफ्टला मटेरियल पुरत असेल तर प्रेसच्या भानगडीत न पडलेलं उत्तम. केस हार्डनिंगच्या जॉबला, जिथे फक्त वरचा थर (केस) कडक असतो, मात्र हिशेब करा. समजा २० एमएनसीआर ५ चा शाफ्ट, केस डेप्थ ०.८ मिमी, खरा वाक ०.२ मिमी. तो पूर्ण साफ व्हायला त्रिज्येवर किमान ०.२ मटेरियल काढावं लागेल. मध्यभागी खोलगट बाजूला जेमतेम शून्य निघेल आणि फुगीर बाजूला ०.४. म्हणजे एका बाजूला केस ०.८, समोर ०.४. शाफ्ट मापात बसतो, तपासणीतही जातो, पण एका बाजूला अर्ध्या केसवर चालतो. असा शाफ्ट मी ग्राइंड करू देणार नाही.

नायट्राइडिंग (नायट्रोजनने पृष्ठभाग कडक करणं) झालेला जॉब दाबू नका. तो थर मिलिमीटरचा काही दशांशच, अतिशय कडक आणि ठिसूळ. दाब दिला की त्याला तडे जातात. सरळ करायचं ते नायट्राइडिंगच्या आधी, आणि त्यानंतर नायट्राइडिंगच्या तापमानापेक्षा थोडं वरचं स्ट्रेस रिलीव्हिंग (तापवून आतले ताण सोडवणं). स्टिअरिंग, ब्रेक, लिफ्टिंग यांचे भाग असतील तर ड्रॉइंगवरच्या टिपा वाचा. सरळ करण्यास मनाई असल्याचं त्यावर लिहिलेलं असेल तर तिथे चर्चा नाही. काही लिहिलेलं नसेल तर ग्राहकाकडून लेखी परवानगी घ्या.

तापमानाची हद्द

कडक स्टील गरम असताना कमी जोरात वळतं आणि तडकण्याची शक्यता घटते. पण टेम्परिंगच्या तापमानापलीकडे नेलं की कडकपणा उतरतो. म्हणून नियम असा: मूळ टेम्परिंगच्या तापमानापेक्षा २० ते ३० अंश खाली राहा.

ईएन २४ साडेपाचशे-सहाशे अंशांना टेम्पर झालेलं असेल तर तुमच्या हातात मोठी सवलत आहे. पाचशे-सव्वापाचशेपर्यंत गरम करून दाबा, कडकपणाला काही होत नाही. १८०-२०० ला टेम्पर केलेलं ओएचएनएस (तेलात हार्ड होणारं टूल स्टील) किंवा १६०-१८० ला टेम्पर केलेलं केस हार्डनिंगचं स्टील असेल तर हद्द १३० ते १८० च्या दरम्यानच संपते. डी२ या टूल स्टीलकडे विशेष लक्ष द्या: काहीजण ते २०० ला टेम्पर करतात, काहीजण पाचशेच्या वर दोनदा. कडकपणा दोन्हीकडे जवळपास सारखाच येऊ शकतो, पण सरळ करताना दोन्ही जॉब पूर्ण वेगळे. हार्डनेस टेस्टरवरून हे ओळखता येत नाही. म्हणूनच तो फोन.

कमी तापमानाला टेम्पर केलेला जॉब 'थोडा जास्त गरम केला तर काय बिघडतं' म्हणून तीनशेच्या आसपास नेण्याचा मोह आवरा. कडकपणा तर जातोच, शिवाय साधारण २५० ते ३७० अंशांच्या पट्ट्यात बऱ्याच स्टील्सचा चिवटपणाही घटतो. स्वच्छ घासलेल्या पृष्ठभागावर गव्हाळ पिवळा रंग आला म्हणजे दोनशेच्या पुढे गेलात, निळा आला म्हणजे तीनशेच्या घरात. रंगावर विसंबण्यापेक्षा तापमानाचे क्रेयॉन किंवा टेकवायचा थर्मोकपल वापरा. आणि गॅसच्या ज्वालेऐवजी ओव्हनमध्ये गरम करा. जॉब आतपर्यंत सारखा तापला पाहिजे.

प्रेसवर

आता पुन्हा तो ईएन २४ चा शाफ्ट घेऊ. ३६-३८ एचआरसी (रॉकवेल कडकपणा), यील्ड (ज्या ताणाला स्टील कायमचं वाकायला लागतं) साधारण १००० मेगापास्कल, व्ही ब्लॉकमधलं अंतर ४०० मिमी.

कडक केल्याने स्टीलचा ताठपणा बदलत नाही. त्याच जोरात कडक आणि मऊ शाफ्ट सारखेच वाकतात. फरक एवढाच, की मऊ शाफ्ट लवकर कायमचा वाकतो आणि कडक शाफ्ट बराच दाबला तरी परत जागेवर येतो. हे आकड्यात काढता येतं. यील्डला व्ही ब्लॉकमधल्या अंतराच्या वर्गाने गुणा, आणि त्याला ६ गुणिले ताठपणाचा गुणांक (स्टीलला सुमारे २,०५,००० मेगापास्कल) गुणिले व्यास याने भागा. आपल्या शाफ्टला उत्तर येतं ५.२ मिमी. म्हणजे ०.२२५ चा वाक काढायला तो पाच मिमीहून अधिक खाली न्यावा लागणार, आणि त्याआधी सोडला तर तो जसाच्या तसा वर येणार. यील्ड ३५० चा मऊ शाफ्ट असता तर हाच आकडा १.८ असता. जोर लागतो सुमारे दीड टन. छोटा हँड प्रेससुद्धा पुरतो, पण नियंत्रण बारीक हवं.

मांडणी अशी. दोन्ही व्ही ब्लॉकवर तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, रॅमच्या (प्रेसच्या दाबणाऱ्या दांड्याच्या) टोकालाही मऊ पॅड. सर्वात उंच बाजू वर. रॅमच्या बरोबर खाली, शाफ्टच्या पोटाला डायल. रॅम नुसता टेकवून, थोडा दाब देऊन सोडा, म्हणजे पॅड बसतील. मग डायल शून्यावर लावा. ही पायरी गाळली तर पॅड दबल्याचं माप वाक निघाल्यासारखं दिसतं.

आता ४ मिमीपर्यंत दाबा, सोडा. सुई शून्यावर येईल. ५ पर्यंत दाबा, सोडा. पुन्हा शून्य, किंवा केसभर कमी. साडेपाचला सोडल्यावर सुई शून्याच्या किंचित अलीकडे थांबेल. ६ ला ०.०५ च्या आसपास, साडेसहाला ०.१५ वगैरे. हे आकडे जॉबप्रमाणे बदलतात, पण क्रम हाच असतो: बराच वेळ काहीच नाही, मग थोडंसं, आणि मग प्रत्येक पाव मिलिमीटरला ठळक फरक. सगळी चूक या शेवटच्या टप्प्यात होते. 'एवढं दाबूनही काही होत नाही' म्हणून हँडल जोरात ओढलं जातं आणि शाफ्ट पलीकडे जातो. म्हणून ५ नंतर पाव-पाव मिमीनेच पुढे जा आणि प्रत्येक वेळी 'किती दाबला, सोडल्यावर किती राहिला' हे वहीत लिहा. पहिल्या दोन नगांचे आकडे नीट मिळाले की उरलेला लॉट भराभर होतो.

पलीकडे गेलेला शाफ्ट उलटा दाबून परत आणणं टाळा. एकदा एका बाजूने ताणलेलं मटेरियल उलट दिशेला लवकर यील्ड होतं, त्यामुळे वहीतले आकडे निरुपयोगी ठरतात. शिवाय पुढे-मागे वाकवल्याने तडा जाण्याचा धोका वाढतो. रनआऊट ग्राइंडिंगच्या मटेरियलमध्ये बसला की थांबा. शून्याच्या मागे लागू नका. आपल्या शाफ्टला ०.१५ पर्यंत आणला तरी पुरे.

सलग कमान असेल तर एकाच जागी सगळा वाक काढू नका. रॅम मध्यावर, मग मध्यापासून दोन्हीकडे साठ-सत्तर मिमीवर असा सरकवत थोडा थोडा काढा. मोड असेल तर व्ही ब्लॉक जवळ आणून नेमका मोडावरच जोर द्या. नागमोडी वाकाला प्रत्येक अर्धा भाग स्वतंत्र शाफ्ट समजून आधी जास्त वाकलेला भाग घ्या.

रॅम वरून दाबतो तेव्हा खालची, म्हणजे खोलगट बाजू ताणली जाते. ऑइल होल, की-वेचं टोक, आटे किंवा पायरीचा तीक्ष्ण कोपरा नेमका त्या बाजूला रॅमसमोर येत असेल तर थंड दाबू नका. तडा तिथूनच सुटतो. गरम करून दाबा किंवा रॅमची जागा बदला.

कडक जॉब तुटतो तेव्हा तुकडे गोळीसारखे उडतात. समोर जाड पॉलिकार्बोनेटचा किंवा जाळीचा आडोसा, तोंडावर पूर्ण शील्ड, आणि चालवणारा शाफ्टच्या टोकांच्या रेषेत उभा नको. हेल्परला "जरा धर रे" म्हणून दाब चालू असताना जॉबला हात लावायला सांगू नका.

केस हार्डनिंगच्या जॉबचं दुखणं वेगळं. वरची कातडी ५८-६२ एचआरसी, आतला गाभा त्यामानाने मऊ. वाक टिकायचा तर गाभा यील्ड व्हायला हवा, पण गाभा वळेपर्यंत कातडीला तेवढी ताणली जाण्याची मुभा नसते. दाबताना 'टिक' असा बारीक आवाज आला तर तो कातडीला तडा गेल्याचा आवाज आहे. हात थांबवा आणि तो नग बाजूला काढा. प्रेसजवळ शांतता ठेवा, कान द्या. अशा जॉबला दीडशेच्या आसपास गरम करून थोडाच वाक काढावा. मोठा वाक असेल तर तो पुन्हा भट्टीत घालण्याचा जॉब आहे. आणि सरळ केलेल्या प्रत्येक नगाची मॅग्नाफ्लक्स तपासणी (चुंबकीय कणांनी तडे शोधणं) करा, नमुना काढून चालणार नाही.

तेलातून काढल्यावरची काही मिनिटं

ही पद्धत पट्ट्या, ब्लेड, पातळ पंच, डाय प्लेट यांसाठी. ज्यांच्याकडे स्वतःची भट्टी आहे त्यांनी ती शिकलीच पाहिजे.

क्वेंच केलेलं स्टील मार्टेन्साइट सुरू होण्याच्या तापमानाच्या वर असेपर्यंत ऑस्टेनाइटच असतं, म्हणजे मऊ आणि चिवट. टूल स्टील्समध्ये हे तापमान साधारण दोनशेच्या आजूबाजूला असतं, स्टीलप्रमाणे आणि हार्डनिंगच्या तापमानाप्रमाणे वर-खाली होतं. ओएचएनएसची पट्टी आठशे अंशांवरून तेलात घातली आणि पूर्ण थंड न होऊ देता, अंगावरचं तेल धुरकटतंय पण पेट घेत नाही अशा वेळी बाहेर काढली, तर ती मातीच्या पट्टीसारखी हातमोज्यातल्या हातांनी वळते. तेवढ्यात ती दोन जाड, थंड, सपाट प्लेटमध्ये घालून दाबून धरा. पातळ पट्टीला जेमतेम एखादं मिनिट मिळतं. डी२ हवेत हार्ड होतं, तिथे वेळ जास्त मिळतो.

पट्टी वळवता येण्याची ही खिडकी बंद होत आल्याची खूण चुंबक देतो. ऑस्टेनाइटला चुंबक चिकटत नाही. दोरीला बांधलेला छोटा चुंबक पट्टीजवळ नेत राहा. आधी तो नुसता लोंबतो, मग हलकासा ओढला जातो, मग चिकटतो. ओढ सुरू झाली म्हणजे मार्टेन्साइट बनायला लागलं. तिथून पुढेही थोडा वेळ हलक्या दाबाने पट्टी ऐकते, उलट बदल चालू असताना ती जास्त ऐकते. पण पट्टी ताठ लागायला लागली की हात काढा. शंभरच्या खाली गेलेल्या, अजून टेम्पर न झालेल्या पट्टीला वाकवण्याचा प्रयत्न करू नका. ती काचेसारखी मोडते. पन्नास-साठ अंशांवर, हातात जेमतेम धरवेल इतकी झाली की लगेच टेम्परिंगला घाला.

क्लॅम्पमध्ये टेम्परिंग

खिडकी हुकली आणि पट्टी वाकून कडक झाली, तर पहिलं टेम्परिंग मोकळं करा. मग थंड झाल्यावर पट्टी जाड, सपाट माइल्ड स्टीलच्या बारवर बांधा. फुगीर बाजू वर, दोन्ही टोकांखाली शिम (पातळ पत्रा), आणि मध्यावर क्लॅम्प कसून पट्टी उलट दिशेला थोडी पलीकडे न्या. असं बांधलेलं फिक्चरच दुसऱ्या टेम्परिंगला भट्टीत घाला. उष्णतेत पट्टीतला ताण सैल पडतो आणि काही वाक कायमचा निघतो.

किती पलीकडे न्यायचं हे पुन्हा टेम्परिंगच्या तापमानावर. दोनशेला ताण फारसा सैल पडत नाही, म्हणून ओएचएनएसच्या ३०० मिमी पट्टीचा अर्ध्या मिमीचा बाक काढायला ती मिमी-दीड मिमी उलट बांधावी लागते, आणि तरी कधी दोन फेऱ्या लागतात. साडेपाचशे-सहाशेच्या टेम्परिंगला ताण बराच सैल पडतो, तिथे सरळ रेषेच्या किंचित पुढे पुरतं. शिम बदलून पुन्हा घालणं हा वेळखाऊ प्रकार आहे, पण कडक पट्टीला याहून सुरक्षित मार्ग नाही. पिळालेल्या प्लेटलाही हीच पद्धत: उचललेले दोन कोपरे खाली बांधायचे आणि टेकलेल्या कोपऱ्यांखाली शिम द्यायची.

अंडाकृती झालेल्या रिंगसाठी याच धर्तीवर मँड्रेल (रिंगच्या आत बसणारा दांडा) वापरतात. रिंग टेम्परिंगच्या उष्णतेत गोल मँड्रेलवर चढवून तशीच ठेवायची.

ज्वाला आणि हातोडी

मोठे, जाड, क्वेंच-टेम्पर केलेले ईएन ८, ईएन १९, ईएन २४ चे शाफ्ट, जे प्रेसला आवरत नाहीत, ते ज्वालेने सरळ करता येतात. फुगीर बाजूला रुपयाएवढा ठिपका पटकन गरम करायचा. ठिपका फुगू पाहतो, आजूबाजूचं थंड स्टील त्याला फुगू देत नाही, तो आतल्या आत दबतो आणि थंड होताना आकसून फुगीर बाजू आखूड करतो. इथेही टेम्परिंगची हद्द पाळा. ठिपका लाल होऊ दिला आणि तो सव्वासातशे-साडेसातशेच्या वर गेला, तर भोवतालच्या थंड स्टीलमुळे तो जागच्या जागी हार्ड होतो आणि शाफ्टवर एक ठिसूळ डाग तयार होतो. पाणी मारू नका. ओएचएनएस, केस हार्ड आणि इंडक्शन हार्ड जॉबला ज्वाला वर्ज्य.

पातळ, कडक पट्टीला हातोडीही चालते, पण बाजू उलटी. पट्टीची फुगीर बाजू ऐरणीवर टेकवायची आणि वर आलेल्या खोलगट बाजूवर कार्बाइडच्या टोकाच्या हातोडीने हलके, जवळजवळ ठोके द्यायचे. प्रत्येक ठोक्याला ती कातडी किंचित पसरते आणि खोलगट बाजू लांब होते. ठोके मध्यापासून सुरू करून बाहेर न्या, दर चार-पाच ठोक्यांनी स्ट्रेट एज लावून बघा. मात्र नंतर ही ठोकलेली कातडी ग्राइंड करून काढलीत तर बराचसा वाक परत येतो, कारण पट्टीला सरळ धरून ठेवणारा ताण त्याच कातडीत होता. म्हणून ठोके अशाच बाजूला द्या जी नंतर ग्राइंड होणार नाही.

सरळ झाल्यावर

दाबून सरळ केलेल्या जॉबमध्ये नवे ताण कोंडलेले असतात. त्याला टेम्परिंगपेक्षा २०-३० अंश खाली एक-दोन तास स्ट्रेस रिलीव्हिंग द्या, थंड होऊ द्या आणि एक दिवस ठेवून पुन्हा मोजा. थोडा वाक परत येतोच, तो ग्राइंडिंगच्या मटेरियलमध्ये बसला पाहिजे. ही पायरी वाचवली तर वाक ग्राइंडिंगनंतर, कधी असेंब्लीत गेल्यावर परत येतो. गरम केलेल्या जागी कडकपणा तपासा. तडे बघायला मॅग्नाफ्लक्स, ती सोय नसेल तर डाय पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग). तडे आधी बघा, ग्राइंडिंग नंतर. ग्राइंडिंगमध्ये बारीक तडा पुसला जाऊन आत तसाच राहतो.

पुढच्या लॉटच्या जॉब कार्डावर

रफ टर्निंगनंतर ६००-६५० ला स्ट्रेस रिलीव्हिंग, मगच फिनिश. ब्राइट बारच्या लांब शाफ्टला हे सक्तीचं करा. चालत असेल तिथे की-वे हार्डनिंगनंतर कापा. पाच-सहापट व्यासाहून लांब शाफ्टच्या टोकाला आट्याचं भोक द्या, म्हणजे हीट ट्रीटमेंटवाला तो भट्टीत उभा टांगू शकेल आणि तेलात उभाच सोडू शकेल. ग्राइंडिंगचं मटेरियल मागच्या लॉटमध्ये मोजलेल्या वाकावरून ठरवा, सवयीवरून नको. आणि कार्डावर एक रकाना छापून घ्या: 'टेम्परिंग तापमान, प्रत्यक्ष'. तो भरल्याशिवाय माल आत घेऊ नका.